मोटरचा फोन

रात्री दोन वाजता उशाखालचा फोन वाजला. मी डोळे न उघडताच कानाला लावला. पलीकडून एक बाई कमालीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "थ्री फेज उपलब्ध आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

मी एक दाबला आणि कूस बदलली. त्या कुशीला बायको टक्क जागी होती.

"कोण होती?"

"मोटर."

"काय म्हणते?"

"थ्री फेज आली म्हणते."

"आणि तुम्ही लगेच हो म्हणालात!"

तेहतीस वर्षांच्या संसारात आपण रात्री हाक मारली तर हा माणूस 'हं' म्हणून पुन्हा घोरायला लागतो, आणि परक्या बाईच्या एका वाक्यावर मात्र ताडकन बटण दाबतो, असा तिचा मुद्दा होता. मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं आहे. बिनतोड मुद्दा समोर आला की मला तो ओळखू येतो. मी गप्प पडून राहिलो. दहा मिनिटांनी मात्र राहवेना. उठलो, कानाला मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली.

"आता कुठे?"

"मोटर खरंच चालू झाली का, बघून येतो."

इथे वाचकांना सांगायला हवं की ही सगळी यंत्रणा आम्ही मला रात्री उठायला लागू नये म्हणून बसवली आहे.

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत. डॉगरिजच्या खुंटावर कलम, नऊ बाय पाचची लागण, म्हणजे एकरी ९६८ वेली, एकूण २,४२०. गणित माझं असलं तरी वेली आईच्या आहेत. त्यांतली एक जरी मान टाकायला लागली तरी आईला ते स्वयंपाकघरात बसून कळतं. आजोबांच्या काळी मोट होती, ती मी पाहिली नाही. मग ऑइल इंजिन आलं. ते सुरू करताना हँडल उलटं फिरायचं. माझ्या थोरल्या काकांचे पुढचे दोन दात त्या कामी आले. मग वीज आली, पण ती पाळीनं येते: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आठ-आठ तास. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्यानं बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, स्टार्टर दाबायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि परत यायचं. गोदाकाठच्या उसात बिबटे मुक्कामाला असतात. त्यामुळे परत यायचं हा त्यातला महत्त्वाचा भाग.

मुलगा पुण्याला हिंजवडीत असतो. एका दिवाळीत त्यानं मला असं रात्री निघताना पाहिलं आणि त्याचं काळीज हललं. "पप्पा, कोणत्या काळात राहताय तुम्ही? ऑटोमेशन करून टाकू. तुम्ही फक्त झोपा."

महिन्याभरात एका कंपनीचा इंजिनिअर आला. पांढरा शर्ट, हातात टॅबलेट. हवामान केंद्र, जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, ठिबकमधून खत सोडणारं यंत्र, मोबाईल स्टार्टर, कॅमेरा. शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही बागेत नाही गेलात तरी चालेल."

बागेत न जाणाऱ्या द्राक्षवाल्याला आमच्याकडे व्यापारी म्हणतात. पण मी सही केली. किंमत किती झाली हे मी बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही, कारण ती माझे लेख वाचते.

पहिल्यांदा आला तो मोबाईल स्टार्टर. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड असतं. त्या नंबरवर आपण फोन करायचा, की मोटर चालू. वीज आली, गेली, विहीर उपसली, तर ती आपल्याला फोन करते. घरात आम्ही माणसं तीन आणि नंबरही तीन: एक माझा, एक बायकोचा, एक मोटरचा. आईकडे फोन नाही आणि मोटरकडे आहे, हे आईच्या मनाला लागून राहिलं आहे.

मोटरला रिचार्जही लागतो. दुकानात गेलो तर पोरानं विचारलं, "कोणाचा?"

"मोटरचा."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "डेटा पाहिजे का नुसतं बोलायला?"

"दोन्ही. ती बोलते फार."

पुढे कळलं की हा नंबर आमच्या मोटरला मिळण्याआधी कुणा कर्जदाराचा होता. वसुलीवाला दीड महिना रोज सकाळी मोटरला फोन करत होता. मोटर त्याला दर वेळी एकच सांगत होती, "विहिरीत पाणी नाही. मोटर बंद करण्यात आली आहे." शेवटी त्यानं फोन करणं सोडलं. इतकी वर्षं शेतकऱ्यांचे मोर्चे जे सांगत आलेत ते एका यंत्रानं त्याला विनाघोषणा पटवलं, असं मला आपलं वाटतं.

मग हवामान केंद्र बसलं. बागेच्या मधोमध एक खांब, त्यावर वाऱ्याची फिरकी, पावसाचं नसराळं, सौर पॅनल, आणि एका दांडीला पानाच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी. खांब उभा राहिला आणि चारच दिवसांत खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी अवजारं पुजतात: कोयते, छाटणीच्या कात्र्या, ट्रॅक्टर, ब्लोअर. आई ताट घेऊन खांबापाशी आली आणि त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ह्याचं तोंड कुठंय?"

मी गणिताचा माणूस. मी सौर पॅनल दाखवलं, कारण त्याला निदान कपाळ आहे असं दिसत होतं. आईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचा घसघशीत हार घातला. दोन दिवस केंद्राला ऊन मिळालं नाही आणि ते बेशुद्ध पडलं. पुण्याहून फोन आला, "पप्पा, स्टेशन ऑफलाइन का दाखवतंय?"

"त्याचा उपास आहे," मी म्हणालो.

शेजारचे नाना ह्या खांबाकडे बांधावरून रोज बघत. नानांची चार एकर बाग आहे आणि यंत्र म्हणाल तर एक उजवा गुडघा. तो ठणकला की ढग येतात. मी त्यांना समजावून सांगितलं की नसराळ्याखाली एक इवलीशी झुलती वाटी असते, ०.२ मिलीमीटर पाणी साठलं की ती कलते, आणि तिच्या कलण्याची नोंद थेट माझ्या मोबाईलवर येते. नानांनी मन लावून ऐकलं.

"मग काल किती झाला पाऊस?"

"२.४ मिलीमीटर."

"म्हणजे चप्पल चिकटते का नाही चिकटत?"

ह्याचं उत्तर ॲपमध्ये नाही. बागेत ट्रॅक्टर घालायचा की नाही हे मात्र त्याच उत्तरावर ठरतं. मी चप्पल घालून बघून आलो. चिकटत होती.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटली. पोंगा सुटला, पानं दिसायला लागली आणि आमचा जीव टांगणीला लागला. ह्या दिवसांत द्राक्षवाल्याला दोन शब्द ऐकवत नाहीत: एक अवकाळी आणि दुसरा डाऊनी. डाऊनीच्या बुरशीला पानावर पाणी लागतं. म्हणून ती प्लास्टिकची पट्टी. पट्टी ओली म्हणजे बाग ओली. ओल किती तास टिकली आणि तापमान किती, ह्याचा हिशेब करून ॲप रंग सांगतं. हिरवा म्हणजे झोपा, पिवळा म्हणजे उठून बसा, लाल म्हणजे पळा.

सलग नऊ दिवस सकाळी साडेसातला लाल. आभाळ निरभ्र, दव नावाला, वेली खडखडीत. मी मुलाला फोन केला.

"पप्पा, डेटा खोटं बोलत नाही."

मग सल्लागार सरांना केला. आमच्या भागात मुलीचं लग्न पत्रिका न बघता लावतील, पण सरांना विचारल्याशिवाय पंपात पाणी भरत नाहीत. सर गाडीत होते. "लाल आहे ना? मग एक स्प्रे घ्या." मी घेतला. तीन दिवसांनी पुन्हा लाल. पुन्हा घेतला. पलीकडे नाना बांधावर बसून तंबाखू मळत माझा ब्लोअर बघत होते. "मास्तर, गुडघा तर काही बोलत नाही," एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी मी सातलाच बागेत गेलो. खांबापाशी आमचा सालगडी उभा. एका हातात पाण्याचा डबा, दुसऱ्या हातात ओलं फडकं. मूर्तीला न्हाऊ घालावं तसा तो त्या पट्टीला खालून वर, वरून खाली पुसत होता.

"हे काय चाललंय?"

"गुरुजी, धुळीनं पार घाण होतंय ते. रोज सकाळी वल्ल्या फडक्यानं पुसून काढतो. पोरानं एवढं पुण्याहून आणलंय, आपण निगा नको राखायला?"

त्या महिन्यात अख्ख्या शिवारात डाऊनी फक्त आमच्या बागेत होता, आणि तोही त्या फडक्यात. दोन फवारण्यांचा खर्च मी वहीत 'इतर' ह्या सदराखाली टाकला. आमच्या वहीत हे सदर सगळ्यात भरभरून वाहतं.

मी खांबावर पाटी लावली: 'हात लावू नये.' सालगड्यानं ती पाटी अक्षरशः मानली. पुढच्या पंधरवड्यात एका कुंभारमाशीनं पावसाच्या नसराळ्यात मातीचं घर बांधायला घेतलं. तो रोज येताजाता बांधकाम बघत होता, पण पाटी होती ना. घर पुरं झालं, भोक बुजलं, आणि त्याच रात्री अवकाळी आला. पत्र्यावर ताशा वाजवल्यासारखा दीड तास. अंगणातल्या बादलीत चार बोटं पाणी. ॲपवर पाऊस ०.०.

पहाटे चारला मी मुलाला उठवलं. "अरे, पाऊस झालाय. काय करू?"

पलीकडे टकटक आवाज. "पप्पा, पाऊस झालेला नाही."

"मी भिजलोय."

"दाखवत नाहीये."

"अरे, माझ्या बनियनमधून पाणी गळतंय!"

"लोकल काहीतरी असेल," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं मी आणि माझं बनियन लोकल होतो.

मधल्या काळात ड्रोनही झालं. केंद्र सरकारनं २०२३ साली १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना आणली, तेव्हापासून ड्रोन दीदी हा शब्द आमच्या आठवडे बाजारातही ऐकू येतो. अशीच एक चुणचुणीत मुलगी प्रात्यक्षिकाला आली. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली, रीतसर परवाना असलेली. गाव जमलं. सरपंच इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले, कारण फोटो निघणार होता. मुलीनं सांगितलं, "दहा लिटरची टाकी आहे. एक एकर सात-आठ मिनिटांत होतो."

आमच्या ब्लोअरला भरल्या बागेत एकरी तीन-चारशे लिटर पाणी लागतं. नाना मला कोपरानं ढोसून म्हणाले, "दहा लिटरात एकर? एवढ्या तर मी सकाळी चुळा भरतो."

मुलीनं आधी बागेच्या कडेकडेनं चालत नकाशा घेतला. मग उपग्रह मिळेनात, ते मिळाले. मग वारा सुटला, तो पडायची वाट पाहिली. मग बॅटरी उतरली, ती जनरेटरवर लावली. सात मिनिटांच्या फवारणीला अडीच तास लागले आणि तेवढ्यात भेळेची गाडी येऊन उभी राहिली. मात्र ड्रोन उठलं तेव्हा खरोखर सगळे गप्प झाले. ओळीवरून ते असं सरळ गेलं की आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर खाली बघायला लागला. पहिली फेरी साध्या पाण्याचीच होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सरपंच बांधावर नेमके जिथे ड्रोन वळणार होतं तिथे छाती काढून उभे होते. भिजल्यावर ते म्हणाले, "कव्हरेज चांगलं आहे." फवारा पानांच्या वरच्या अंगाला छान बसला होता. पानांखाली लपलेल्या घडांपर्यंत किती पोचला ह्यावर सल्लागार सर आणि ती मुलगी अजून बोलतायत. मुलीचं म्हणणं मला जास्त पटतं: ती म्हणाली, आधी तुमचा पसारा विरळ करा. सर हे गेली चार वर्षं सांगतायत, पण त्यांनी कधी ड्रोन आणलं नव्हतं.

विरळणीवरून आठवलं. द्राक्षाच्या घडाची विरळणी हे काम अजून कुठल्या यंत्राला नीट जमलेलं माझ्या बघण्यात नाही. मुलगा मला कॅलिफोर्नियातले व्हिडिओ पाठवतो. स्ट्रॉबेरी तोडणारा लोखंडी हात, लेझरनं तण जाळणारी गाडी. पाठवतो आणि खाली लिहितो, 'फ्युचर.' आमच्याकडे फ्युचर दरवर्षी पेठ-सुरगाण्याहून पिकअपमध्ये बसून येतं. पंधरा-सोळा बायका, दोन-तीन तान्ही, एक मुकादम. मणी ज्वारीएवढे झाले की टोळी बागेत शिरते. डाव्या हातानं घड असा उलटा धरायचा, की आतल्या पाकळ्या उघडतात. उजव्या हातातल्या चिमटीएवढ्या कात्रीनं आतले, वाकडे, बारके मणी छाटायचे आणि घड सोडून द्यायचा. तो झुलून थांबायच्या आत दुसरा हातात. निर्यातीचा मणी १६-१८ मिलीमीटरचा होतो तो ह्या कात्रीमुळे. नाहीतर आतले मणी एकमेकांना चेंगरून फुटतात आणि सगळा घड नासतो.

मुलानं मला घडाचा फोटो काढून मणी मोजणारं ॲप टाकून दिलं होतं. टोळीतल्या एका मावशींसमोर मी मोठ्या ऐटीत मोबाईल धरला. "मावशी, थांबा जरा. हे सांगेल किती मणी काढायचे."

मावशी थांबल्या. मोबाईलवर एक गोल फिरायला लागला. आमच्या बागेत रेंज फक्त चौदाव्या ओळीत असते आणि आम्ही अकरावीत होतो. गोल फिरत होता. मावशींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कात्री चालवायला घेतली. गोल फिरत होता तोवर त्यांचे आठ घड झाले. शेवटी उत्तर आलं, की ह्या घडातले ३८ मणी कमी करावेत. घड मात्र केव्हाच मोकळा होऊन झुलत होता. मी खाली वाकून पडलेले मणी मोजले. किती भरले ते सांगत नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात जे शिकलो त्यातलं हे एक आहे. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, त्याला सांगा, ह्या चाकाला तेल घाला."

निर्यातीचं एक वेगळंच. बागेची नोंदणी ग्रेपनेटवर होते. प्लॉटला नंबर मिळतो, कुठलं औषध कधी मारलं ते लिहून ठेवावं लागतं, काढणीआधी मण्यांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्या बोलण्यातलं सीसीसी, त्याच्या अंशावरून युरोपानं आमच्याकडचे कंटेनर अडवले होते. तेव्हापासून सगळेच शहाणे झाले. आता रॉटरडॅमला पेटी उघडली तर ती कुठल्या बागेतली हे नंबरावरून माग काढत निफाडपर्यंत येता येतं. आमच्या घरात मात्र माझा चष्मा कुठे आहे हे रोज सकाळी आईला विचारावं लागतं.

एवढं सगळं झालं तरी माझी रात्रीची फेरी काही चुकली नाही. उलट वाढली. पूर्वी रात्रपाळीच्या आठवड्यात एकदा उठायचो. आता मोटरनं फोन केला की मोटर बघायला, व्हॉल्व्हचा मेसेज आला की व्हॉल्व्ह बघायला, आणि काहीच आलं नाही की काही का आलं नाही ते बघायला. नानांनी एकदा विचारलंच, "मास्तर, तुमचं यंतर सगळं करतं. मग तुम्ही रात्रीचे काय करता?"

"यंत्र करतंय का ते बघतो."

"आन् यंतर नव्हतं तेव्हा?"

"तेव्हा झोपायचो हो, पहाटेपर्यंत."

डिसेंबर सरत आला आणि थंडी पडली. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे पेपरात पहिल्या पानावर येतं आणि मुंबईकर ते वाचून पंखा बंद करतात. आम्हाला मात्र धडकी भरते. कडाका वाढला की मण्यांची फुगवण थांबते, पुढे मणी गुलाबी पडतात. त्यावर उपाय जुनाच: पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, मुळांना तेवढाच आधार. मुलानं हे यंत्राला शिकवून ठेवलं होतं. तापमान सातच्या खाली गेलं की मोटर आपोआप चालू. "पप्पा, ह्या वेळी तुम्ही उठायचंच नाही. शपथ घ्या."

मी घेतली.

रात्री अडीचला मेसेज आला: तापमान ६.८, ठिबक सुरू. मी पडल्यापडल्या वाचला. सुखावलो. मग वाटलं, सुरू म्हणजे विहिरीवर सुरू. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचलं का? दाब कमी असला तर तिकडच्या वेली कोरड्याच राहतात. शपथ उठायची नव्हती, पण मी झोपलोच नव्हतो, तेव्हा उठण्याचा प्रश्न येत नाही. मी आजोबांची घोंगडी पांघरली, बायकोला चाहूल लागू नये म्हणून बॅटरीही न लावता बाहेर पडलो.

वाय पद्धतीच्या बागेत एका ओळीतून दुसरीत जायचं तर तारांखालून वाकून जावं लागतं. घड लगडलेले असले की वाकणंही पुरत नाही, चक्क रांगावं लागतं. ड्रिपर तर जमिनीलगत. अंधारात पाणी दिसत नाही, हाताला लागतं. तेव्हा मी घोंगडी पांघरून, चार पायांवर, एकेका वेलीखाली पंजा टेकवत पुढे सरकत होतो. पंजा म्हणजे हात. पाणी येत होतं. मला कोण आनंद झाला.

आणि बागेच्या टोकाला सायरन वाजला.

कॅमेरा मी विसरलोच होतो. तो रात्रीच्या अंधारातही बघतो. माणूस, वाहन आणि जनावर ओळखतो, असं इंजिनिअर म्हणाला होता. त्यानं मला पाहिलं, विचार केला आणि हिंजवडीला मुलाच्या मोबाईलवर कळवलं: 'प्राणी. आकार मोठा.' मुलानं अर्धवट झोपेत चित्र बघितलं. करडं, चार पायांचं, मुळांशी हुंगत चाललेलं. त्यानं सायरनचं बटण दाबलं आणि पाठोपाठ नानांना फोन लावला, "नाना, आमच्या बागेत बिबट्या आहे. पप्पांना बाहेर पडू देऊ नका!"

पाच मिनिटांत अर्धी वस्ती जमली. बिबट्याला हुसकवायची आमच्याकडे ठरलेली रीत आहे: पत्र्याचे डबे बडवायचे, ट्रॅक्टरचे दिवे लावायचे, दिवाळीचे उरलेले फटाके काढायचे. पहिला सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा मी सतराव्या ओळीत होतो. मी उठायला गेलो तर घोंगडी तारेला अडकली. ओरडलो, पण डब्यांपुढे गणिताच्या मास्तराचा आवाज तो काय! वर्गातही मागच्या बाकापर्यंत जायचा नाही.

"तिकडं हललं बघा!" सालगडी ओरडला. त्याच्या हातात दगड होता. आजवर त्यानं कुठलंही काम अर्धवट सोडलेलं नाही.

त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन वाजला. थंडीनं आखडलेल्या बोटांनी मी तो उचलायला गेलो आणि स्पीकर दाबला गेला. डबे क्षणभर थांबले होते. त्या शांततेत, अंधाऱ्या बागेतून, त्या मऊ आवाजातल्या बाई म्हणाल्या, "थ्री फेज गेली आहे. मोटर बंद झाली आहे."

कुणीच काही बोलेना. मग नानांचा आवाज आला, "अरे, दगड खाली ठेव. मास्तर आहेत ते."

सकाळी नऊपर्यंत ही बातमी पिंपळगावच्या मार्केटात पोचली होती. मी ओसरीवर उन्हात बसून कोपराला हळद लावून घेत होतो. तेवढ्यात कंपनीकडून मेसेज आला: 'आज पहाटे २.५० वाजता आपल्या प्लॉटमध्ये वन्य प्राण्याची हालचाल आढळली आहे. कृपया प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी व कळवावे.'

फोन बायकोच्या हातात होता. तिनं मेसेज दोनदा वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एका बोटानं सावकाश उत्तर लिहिलं, 'खात्री केली. आमचेच आहेत.'